मतं समान पडली तेव्हा

मी संशयी आहे. लोक हे माझ्यामागे बोलतातच, म्हणून मीच आधी सांगून टाकते. भाजीवाला वजन करताना खोकला तरी माझी नजर त्याच्या तोंडाकडे न जाता हाताकडे जाते. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी चष्मा लावून दोनदा वाचते. आणि दुपारी जेवणं झाल्यावर इतर बायका मालिका लावतात तेव्हा मी संसदेचं कामकाज लावून बसते, ते केवळ एका माणसावर नजर ठेवायला. तो माणूस म्हणजे उंच खुर्चीवर बसलेला अध्यक्ष.

मंत्री काय बोलतात, विरोधक काय ओरडतात, ह्यात मला फारसा रस नाही. ते कुणाच्या बाजूचे आहेत हे त्यांनी आधीच जाहीर केलेलं असतं. संशय घ्यायचा तो, 'मी कुणाच्याच बाजूचा नाही' असं म्हणणाऱ्याचा. "बसून घ्या" हे त्याने कुणाला गोडीत सांगितलं आणि कुणावर खेकसला? कुणाचा माईक वाक्य संपायच्या आत बंद झाला? आवाजी मतदानाला 'होय' आणि 'नाही' सारख्याच जोराने आले असताना ह्याच्या कानात एकच कसं शिरलं? स्वयंपाकघरातलं घड्याळ समोर ठेवून मी बोलणाऱ्यांची मिनिटं मोजते. सरकारं बदलली, खुर्चीवरची माणसं बदलली, माझं मोजणं चालूच आहे. मुलगी वैतागून विचारते, "आई, तू नक्की कुठल्या पक्षाची गं?" माझा संशय सर्वपक्षीय आहे, असं मी तिला सांगते.

ही खोड नोकरीतून लागली. शनिवार पेठेतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. दरवर्षी दिवाळीनंतर आम्ही अभिरूप संसद भरवायचो. वर्गातली बाकं दोन बाजूंना लावायची, मध्ये टेबल, टेबलामागे प्राचार्यांची खुर्ची. पंतप्रधान व्हायला ढीगभर मुलं तयार. विरोधी पक्षनेता व्हायला त्याहून जास्त, कारण त्याला ओरडायला मिळतं. अध्यक्ष व्हायला मात्र कुणी पुढे येत नसे. "मॅडम, अध्यक्षाला बोलायलाच मिळत नाही," अशी तक्रार. म्हणून अध्यक्ष मी निवडायचे, आणि त्याच्याकडून किंवा तिच्याकडून आठवडाभर नियम घोटून घ्यायचे. चर्चेत तोंड घालायचं नाही. आपलं मत पहिल्या फेरीत द्यायचं नाही. मतं समान पडलीच तर निर्णायक मत द्यायचं, पण तेही जे आहे ते तसंच राहील अशा बाजूने द्यायचं. कारण बदल व्हायचा तर तो सभागृहाच्या बहुमताने व्हावा, खुर्चीवरच्या एका माणसाच्या मताने होऊ नये. विषय पुन्हा कधीतरी चर्चेला येतो, दार बंद होत नाही.

एकदा एका मुलीने विचारलं, "पण मॅडम, अध्यक्षाला मनापासून वाटत असेल की बदल व्हायलाच हवा, तर?" मी म्हटलं, "खुर्चीवर चढताना मन खाली ठेवायचं." मला माझं ते वाक्य भारी आवडलं. पुढे दरवर्षी मी ते वर्गात म्हणायचे, आणि दरवर्षी जणू आत्ताच सुचल्यासारखं म्हणायचे.

आता आमच्या इमारतीबद्दल सांगायला हवं. वारज्यात तळमजला अधिक तीन अशी आमची सोसायटी आहे, सोळा घरांची. घरं घेतली तेव्हा आम्ही सगळे तिशी-चाळिशीत होतो, दोन-दोन पायऱ्या गाळत वर जायचो. लिफ्ट हा विषय कुणाच्या डोक्यातही आला नाही. मी तळमजल्यावर राहते. माझी मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर. ती विदर्भातली, नवऱ्याच्या बदलीने पुण्यात आली ती इथेच राहिली. पोस्टात नोकरी केली, नवरा गेला, मुलगा बेंगळुरूला गेला, ही मात्र हलली नाही. पोस्टाच्या खिडकीत तिची भाषा पुस्तकासारखी शुद्ध असायची. पण माझ्याशी बोलताना, प्रेमात असो की रागात, ती थेट वऱ्हाडीत यायची. पंचवीस वर्षं आम्ही रोज चार वाजता एकत्र चहा प्यालो. आधी माझ्याकडे एक दिवस, तिच्याकडे एक दिवस असं होतं. मग गेल्या वर्षी ती बाथरूममध्ये घसरली, खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून चहा रोज तिच्याचकडे होतो.

ती घरात वॉकर घेऊन हिंडते. जिना मात्र तिला जमत नाही. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर चढवलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची कलंडता कलंडता वाचली. ती किंचाळली, आणि मग लाजेने तिने पदर तोंडावर ओढून घेतला. वर पोचल्यावर म्हणाली, "आता पुन्हा मले सामानासारखं नेऊ नका." तेव्हापासून अकरा महिने ती खाली उतरलेली नव्हती. तिची इच्छा फार मोठी नव्हती. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे उभं राहायचं आणि मेथीची जुडी स्वतः उलटीपालटी करून घ्यायची, एवढंच. मी नेलेल्या मेथीत तिला रोज खोट दिसायची. "तुले निवडता येतच नाही," म्हणायची. मी रागावायचे. मला, भाजीवाल्यावर नजर ठेवणारीला, मेथी निवडता येत नाही!

म्हणून लिफ्टचा ठराव आणायची कल्पना माझीच. इमारतीच्या बाहेरून, जिन्याला लागून लिफ्ट बसवता येते असं कळलं. सह्यांचा कागद घेऊन दारोदार मी फिरले. इंजिनिअर आला, मापं घेतली, नकाशा काढला. नकाशात लिफ्टचा खांब नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येत होता, दीड हातावर. दुसरीकडे जागाच नव्हती. माझ्या घरात ऊन येतं ते फक्त त्या खिडकीतून, दुपारी चार ते साडेपाच. चहा पिऊन परतले की त्या उन्हात बसून मी भाजी निवडते, पापड वाळवते, पेपर वाचते. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, तुमचा उजेड जाईल, चालेल?" मी चारचौघांत म्हटलं, "दिवा लावीन मी. त्यात काय एवढं?" लोकांनी कौतुकाने बघितलं. मलाही स्वतःचं कौतुक वाटलं.

विरोध होताच. पहिल्या मजल्यावरची चारही घरं विरोधात, कारण त्यांना लिफ्ट लागत नव्हती आणि दारापुढची मोकळी जागा जाणार होती. तळमजल्यावरच्या आणखी दोन घरांनी 'आम्हाला काय उपयोग?' म्हणून मान फिरवली. दुसऱ्या मजल्यावर आयटीतलं एक तरुण जोडपं होतं. ते म्हणाले, "मॅडम, स्टेअर्स आर हेल्दी." त्यांच्या घरात व्यायामाची सायकल होती, तिच्यावर टॉवेल वाळत असत.

राहता राहिला सेक्रेटरी. हा गृहस्थ माझ्या समोरच्या दारात राहतो. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा. बोललाच तर असं बोलतो की त्याने चेष्टा केली की खरं सांगितलं, हे दोन दिवसांनी कळतं. त्याची स्कूटर लावायची जागा नेमकी लिफ्टखाली जाणार होती. त्याने माझ्या कागदावर सही केली नव्हती. "बघू," म्हणाला होता. पुण्यात 'बघू' म्हणजे नाही, हे मला ठाऊक होतं.

सभेच्या चार दिवस आधी तो माझ्याकडे आला. चप्पल काढून, आत येऊन बसला. ह्याआधी तो कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. माझा एक कान तिथेच टवकारला.

"अहो मॅडम, सभेचं अध्यक्षपद तुम्ही घ्या," तो म्हणाला. "आपल्या अध्यक्षांना नको आहे. पहिल्या मजल्यावरचे ते, विरोधात आहेत, उगाच बोल नको म्हणतात. तुमच्याइतकं निःपक्षपाती माणूस बिल्डिंगीत कोण आहे?"

निःपक्षपाती! तो शब्द ऐकला आणि मी मनात म्हटलं, आलास का वाटेवर. अख्ख्या इमारतीला माहीत होतं की मी लिफ्टच्या बाजूने आहे. सह्या मी गोळा केल्या होत्या. अशा बाईला निःपक्षपाती म्हणून खुर्चीवर कोण बसवतं? ज्याला तिचं मत कमी करायचं असतं तो. अध्यक्ष मत देत नाही. मला वर बसवलं की होयच्या बाजूचं एक मत गळालं. संसदेतही असं होतं, जड माणसाला उंचावर बसवतात आणि मोकळे होतात. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहरा कोरा. स्कूटर वाचवायला एवढा खटाटोप!

मग मी नाही म्हणायचं होतं की नाही? म्हटलं नाही. कारण नाही म्हटलं असतं तर इमारतभर झालं असतं की बाईंना निःपक्षपाती राहता येत नाही म्हणून घाबरल्या. तीस वर्षं मुलांकडून नियम घोटून घेतले आणि स्वतःची वेळ आली तेव्हा मागे सरल्या. तो अपमान मला सोसवला नसता. आणि खरं सांगायचं तर, एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका मोजल्यावर एकदा स्वतः त्या खुर्चीवर बसून दाखवायची मला हौसही होती. मी म्हटलं, "बसेन. पण नियमाने चालवीन."

"म्हणून तर आलो," तो म्हणाला, आणि चहा न घेता गेला.

चार वाजता मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. "काहून बसतेस तू तिथं? खाली बस, हात वर कर, झालं."

"तसं नसतं ते. लोक म्हणतील—"

"म्हणू दे ना बापा."

मी तिला समजावलं की मी हिशेब केलाय, तिसऱ्या मजल्यावरचे, दुसऱ्या मजल्यावरचे, शिवाय ऐनवेळी एखाददुसरं घर वळेल. माझ्या एका मताने काही अडणार नाही. ती म्हणाली, "मले खाली यायचं हाय. बाकी तुले जे करायचं ते कर."

सभा रविवारी सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. गाड्या बाहेर काढल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. माझी खुर्ची मी मुद्दाम वॉचमनच्या ओट्यावर ठेवून घेतली, जरा उंच. देवघरातली घंटा आणली होती. देवाचं त्या दिवशी टाळीवर भागवलं. चौदा घरांतून चौदा माणसं आली. मी पंधरावी. सोळावी वर तिसऱ्या मजल्यावर. तिला सभेला यायचं तर लिफ्ट हवी होती.

सभा मी उत्तम चालवली, हे मी आजही म्हणेन. दोन्ही बाजूंना सारखा वेळ दिला. होयच्या बाजूचे एक काका पाल्हाळ लावून बसले तेव्हा त्यांनाही घंटा वाजवली. आयटीवाल्याने मध्येच तोंड घातलं, त्याला म्हटलं, "बसून घ्या." ते मी दोन्ही बाजूंना एकाच आवाजात म्हणत होते, मुद्दाम लक्ष ठेवून.

मतदानाला सुरुवात करणार एवढ्यात सेक्रेटरीचा फोन वाजला. त्याने तो स्पीकरवर टाकला आणि वर धरला. मैत्रिणीचा आवाज पार्किंगमध्ये घुमला. "मी बोलून राहिली, तिसऱ्या मजल्यावरून. माझं मत होय हाय. हात वर केला हाय मी, गॅलरीत येऊन बघा पाहिजे तं."

लोक हसले. पहिल्या मजल्यावरचे, सोसायटीचे नेहमीचे अध्यक्ष, उठून उभे राहिले. "मॅडम, हरकत. सभासद स्वतः हजर पाहिजे. फोनवर मत चालत नाही."

सेक्रेटरी म्हणाला, "अहो, त्या तिसऱ्या मजल्यावर आहेत, अमेरिकेत नाहीत. आपणच सगळे पाच मिनिटं वर जाऊ. त्यांच्या दारात मतदान घेऊ. जिना हेल्दी असतो म्हणतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मला संशय आला. स्कूटरवाल्याला एवढा पुळका कशाचा? माझ्या मैत्रिणीला मी सवलत देते का, हे बघायचंय ह्याला. दिली, की उद्या म्हणणार, बाईंनी मैत्रिणीसाठी सभा उचलून तिसऱ्या मजल्यावर नेली, ठराव रद्द करा. सापळा आहे हा, सरळ सापळा. मी घंटा वाजवली. "सभेचं ठिकाण नोटिशीत पार्किंग असं लिहिलेलं आहे. सभासदाने त्या ठिकाणी हजर असणं आवश्यक आहे. हरकत मान्य."

फोन अजून वरच धरलेला होता. तिने सगळं ऐकलं. एक क्षण नुसती खरखर आली, आणि तिने फोन ठेवला.

मग मी हात मोजले. ठरावाच्या बाजूने तिसऱ्या मजल्यावरचे तीन. दुसऱ्या मजल्यावरचे तीन. सहा झाले. आणि सातवा हात सेक्रेटरीचा.

मला वाटलं त्याला काही विचारायचंय. "आपला प्रश्न आहे का?" मी म्हटलं.

"प्रश्न नाही मॅडम. मत आहे."

"ठरावाच्या बाजूने?"

"हात तर त्याच वेळी वर केलाय," तो म्हणाला.

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. वाकून उचलली तोवर मी स्वतःला सावरलं. विरोधात पहिल्या मजल्यावरचे चार, तळमजल्यावरचे दोन, आणि सायकलवर टॉवेल वाळवणारा एक. सात.

सात आणि सात. होयच्या बाजूची माणसं हसायला लागली, एकाने तर शेजाऱ्याच्या हातावर टाळीसुद्धा दिली, कारण आता निर्णायक मत माझं होतं, आणि माझं मत काय हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पहिल्या मजल्यावरचे अध्यक्ष कागद गोळा करून निघायच्या तयारीत होते.

मी उभी राहिले. तीस वर्षं जे शिकवलं तेच बोलले. अध्यक्षाने बदलाचा निर्णय एकट्याच्या मताने करायचा नसतो, सभागृहाचं बहुमत नसेल तर आहे ती स्थिती राखायची असते, विषय सहा महिन्यांनी पुन्हा आणता येईल. "म्हणून माझं निर्णायक मत ठरावाच्या विरोधात. ठराव नामंजूर." आणि घंटा वाजवली.

"काय?" असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. पहिल्या मजल्यावरच्या अध्यक्षांनी एकच टाळी वाजवली आणि दुसरी वाजवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी खुर्चीवरून उतरले तेव्हा माझी मान ताठ होती. एवढ्या निःपक्षपातीपणे कुणी वागलेलं मी इतक्या वर्षांत टीव्हीवर पाहिलं नव्हतं. मला वाटत होतं, कुणीतरी येऊन हात मिळवेल. कुणी आलं नाही. तिसऱ्या मजल्यावरची एक सून माझ्याकडे न बघता माझ्याच अंगावरून खुर्च्या उचलत गेली.

सेक्रेटरी शेवटपर्यंत थांबला. खुर्च्या एकावर एक रचत तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू? तुम्ही आधी तुमचं मत का नाही दिलंत?"

"अध्यक्ष पहिल्या फेरीत मत देत नाही."

"ते दिल्लीत. आपण सोसायटी आहोत. अध्यक्ष झाला तरी सभासदाचं मत राहतं, आणि समान पडली तर आणखी एक. उपविधीत आहे ते. मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार." त्याने खुर्ची रचली. "मी मोजून बघितलं होतं, काठावरचं होतं. म्हणून तुम्हाला बसवलं. तुमचं एक मत, आणि अडलंच तर दुसरं. दोन्ही हातात होती तुमच्या."

"मग तुमची स्कूटर?" माझ्या तोंडून गेलं.

"स्कूटर काय, बाहेर लावीन," तो म्हणाला. "माझी आई शेवटची दोन वर्षं चौथ्या मजल्यावर होती, खडकीच्या क्वार्टरमध्ये. गेली तेव्हाच खाली आली."

मी घंटा घेऊन घरात आले. उपविधींची पुस्तिका कपाटात होती, काढली, चष्मा लावून दोनदा वाचली. तो म्हणाला होता तसंच होतं. दूध, भाजी, संसद, सगळं तपासणारी मी, आमच्या सोसायटीचे नियम दिल्लीचेच असतील असं धरून चालले होते. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. ज्या माणसाने माझ्या मैत्रिणीसाठी स्कूटरवर पाणी सोडलं, त्याच्यावर मी चार दिवस डोळे वटारून होते. आणि माझ्यावर? माझ्यावर कुणी नजर ठेवली होती?

त्या दिवशी चार वाजता मी वर गेले नाही. हिंमत झाली नाही. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. खिडकीतून ऊन आलं, ओट्यावर, डब्यांवर, माझ्या हातांवर. आणि मनात आलं, हे आता राहणार. एक क्षणच आलं. पण बरं वाटलं, हे खोटं कसं सांगू? त्या क्षणाचा मला अजून राग येतो. मग मी बसल्या बसल्या मागे जाऊन शोधायला लागले. हे बरं वाटणं आज सुरू झालं, की सकाळी ओट्यावर उभी राहून बोलत होते तेव्हाही आत कुठे होतं? फोनची हरकत मान्य केली तेव्हा? खुर्ची स्वीकारली तेव्हा? माणसाला पकडायचे माझे जेवढे प्रश्न होते तेवढे सगळे मी स्वतःला विचारले, आणि एकाचंही उत्तर सरळ येईना.

सोमवारी चारला मी वर गेले. तिने नेहमीसारखं दार उघडं ठेवलं होतं. वॉकर धरून ती ओट्याशी उभी, चहा गाळत होती. मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, निदान तोंड फिरवेल. तिने माझा कप पुढे सरकवला आणि समोर बसली.

मी सगळं सांगितलं. नियम काय आहे, तो का आहे, सोसायटीचा नियम मला कसा माहीत नव्हता, आणि सहा महिन्यांनी ठराव पुन्हा कसा आणायचा. तेव्हा मी खाली बसेन, हात वर करीन.

"सहा महिने," ती म्हणाली.

"सहाच महिने गं. सेक्रेटरी पण आपल्या बाजूने आहे."

"हाव. त्यानं मले फोन केला काल. तू नाही आली, त्याचा फोन आला." तिने चहाचा घोट घेतला. "एक सांग मले. नियम होता म्हणून तू नाही म्हणाली."

"हो."

"नियम नसता, तं?"

मी तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं. कागद घेऊन दारोदार मी हिंडले होते, दिवा लावीन असं मीच म्हटलं होतं. पण ते कालचं स्वयंपाकघरातलं ऊन मध्ये आलं, आणि मी कपाच्या कानाकडे बघत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग म्हटलं, "तुझ्याच बाजूने. अर्थातच तुझ्याच बाजूने."

ती हसली नाही, रागावलीही नाही. माझ्याकडे नीट बघून शांतपणे म्हणाली, "तीस वर्षं पोट्टे शिकवले तू. एखाद्या पोट्ट्यानं उत्तर द्याले इतका वेळ लावला असता, तं तू काय समजली असती?"

मी काय समजले असते ते मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तिने रिकामे कप उचलून वॉकरला अडकवलेल्या पिशवीत ठेवले आणि ती हळूहळू मोरीकडे वळली. मी मदतीला उठले तर म्हणाली, "राहू दे, जमते मले."

मग मी निघाले आणि चौपन्न पायऱ्या उतरून खाली आले. तिलाही एवढंच तर करायचं होतं.